कोयता, कार्ड आणि अंगठा



सीमा म्हटली की आपल्याला तारेचं कुंपण आठवतं, बंदूकधारी शिपाई आठवतो. पण बीडची ऊसतोड करणारी बाई दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये बसून कर्नाटकात जाते, तेव्हा तिला वाटेत कुणी अडवत नाही. कारखान्याला ती हवीच असते. मग तिची सीमा कुठे? ती तीन साध्या वस्तूंमध्ये आहे.

पहिली वस्तू कोयता. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाची उचल कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावर आणि पैसा बहुधा नवऱ्याच्या हाती. मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई हिशेबात दिसतच नाही. एकटी असेल तर ती 'अर्धा कोयता'!

दुसरी वस्तू रेशनकार्ड. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या बाईला कार्डापुरती कुटुंबप्रमुख केलं. पण कार्ड गावच्या दुकानाला बांधलेलं. बाई फडावर, धान्य गावात. २०१९ पासून 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना टप्प्याटप्प्याने आली. आता थोडं धान्य फडाजवळ आणि उरलेलं गावी राहिलेल्या सासूला उचलता येतं. हे किती जणींना माहीत आहे?

तिसरी वस्तू अंगठ्याचं मशीन. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत एका बाईला मिळाला. पण पाचटाने चिरलेलं, कोयत्याने घासलेलं बोट मशीनला अनेकदा ओळखू येत नाही. ज्या कामासाठी बाई गाव सोडते, तेच काम तिची ओळख पुसतं. सीमा आता तिच्या हातावरच आली आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की, अंगठा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नका. हे फडाजवळच्या दुकानातही पाळलं गेलं पाहिजे.

तेव्हा टोळ्या निघण्याआधी गावोगावी बसू या. कार्डात घरातल्या सगळ्यांची नावं आणि आधार जोडलेलं आहे का, ते पाहू. धान्य नाकारलं तर तारीख आणि दुकान लिहून ठेवू, पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊ. आणि मागणी एकच लावून धरू: हिशेब कोयत्याचा नको, माणसाचा हवा. बाईची नोंद तिच्या नावाने, मजुरी तिच्या हातात!