तरुण रक्ताने म्हातारपण हटते काय?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तरुणाच्या रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेले पिवळसर पाणी, म्हाताऱ्याला दिले की म्हातारपण लांबते, अशी एक हवा आहे. आम्ही गिरणीत राबलेली माणसे, डॉक्टर नव्हे. पण वाचून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

२००५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी तरुण व म्हातारा उंदीर शिवून जोडले. दोघांत एकच रक्त फिरू लागले, तेव्हा म्हाताऱ्याचे दुखावलेले स्नायू लवकर भरून आले. २०१४ साली तरुण उंदरांच्या प्लाझ्म्याने म्हाताऱ्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. हे खरे आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे! स्मृतिभ्रंशाच्या १८ रुग्णांना हा प्लाझ्मा देऊन पाहिला. २०१९ साली निकाल छापून आला. मोठा अपाय नाही, पण स्मरणशक्तीतही फरक नाही.

पुढे २०२० साली म्हाताऱ्या उंदरांचा निम्मा प्लाझ्मा काढून मिठाचे पाणी व प्रथिन भरले, तरी तसाच फायदा दिसला. मग जादू तरुण रक्ताची की जुने पातळ केल्याची?

पण बाजाराला दम कुठला? अ‍ॅम्ब्रोसिया नावाची कंपनी एका लिटरला ८ हजार डॉलर घेत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या औषध खात्याने बजावले, की म्हातारपणावर याचा फायदा सिद्ध नाही, उलट फुप्फुसाला व हृदयाला धोका होऊ शकतो. ब्रायन जॉन्सन या धनवंताने २०२३ साली आपल्या १७ वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा घेतला आणि फायदा दिसला नाही असे स्वतःच जाहीर केले.

आता आमचा खरा सवाल. उद्या गुण आलाच, तर रक्त कोणाचे आणि आयुष्य कोणाचे वाढणार? अमेरिकेत गरीब माणसे आठवड्याला दोनदा प्लाझ्मा विकतात, कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालाने १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. हा निकाल गरिबाच्या अंगावरचे कवच आहे, ते जपा.

तरुणांनो, रक्त जरूर द्या. भाजलेल्याला, बाळंतिणीला, अपघातातल्या माणसाला द्या. पण ते दान असू द्या, विक्री नको. आणि कोणी तारुण्य विकायला आला तर आधी पुरावा मागा.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम.