शाळेत ऐकणारं माणूस हवं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आठवणी निघाल्या. आता जेवणानंतर आपण शाळेसाठी काय करायचं ते ठरवणार आहोत. संयोजकांनी केलेली यादी मी पाहिली. रंगकाम आहे, स्मार्ट टीव्ही आहे, प्रवेशद्वाराची कमान आहे. या यादीत आणखी एक ओळ यावी, म्हणून मी दहा मिनिटं मागून घेतली. ती ओळ अशी: मुलांचं ऐकून घेणारं, त्या कामाचं शिक्षण झालेलं एक माणूस आपल्या प्रशालेत असावं.

मी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. आमच्याकडे येणारी शाळकरी मुलं ‘माझं मन बिघडलंय’ असं म्हणत येत नाहीत. सातवीतल्या मुलाचं दर सोमवारी पोट दुखतं. नववीतली मुलगी परिपाठाला उभी असताना चक्कर येऊन पडते आणि आठ दिवसांत आणखी दोघी-तिघी पडतात. एखादा हुशार मुलगा एकदम गप्प होतो, वह्या कोऱ्या ठेवतो. आधी गावातला डॉक्टर, सलाईन, मग तालुक्याला सोनोग्राफी, मग देवऋषी आणि सगळे उपाय थकले की आमच्याकडे. तोवर मुलाचे तीन-चार महिने गेलेले असतात, आई-वडिलांची मजुरी बुडालेली असते आणि हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडलेला असतो.

हळूहळू बोलतं केलं की कारणं कळतात, आणि ती आपल्याच भागातली असतात. दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला गेलेत, मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात आहे. वडिलांचं पिणं आहे. रात्री कर्जाची बोलणी कानावर पडतात. मुलीचं लग्न उरकायची घाई चालली आहे. वर्गात जातीवरून चिडवतात. यातलं काहीच सोनोग्राफीत दिसत नाही.

अशी मुलं किती? बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात सुमारे ७ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं. म्हणजे ४० च्या वर्गात जवळपास तिघं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. जीव नकोसा झालेलं मूल बहुतेक वेळा आधी कुणाजवळ तरी काहीतरी बोलून गेलेलं असतं. ते ज्याला समजेल असं माणूस जवळपास असावं लागतं.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, “आपल्या वेळी कुठे होते समुपदेशक? गुरुजी होते की!” खरं आहे. इथे समोर बसलेल्या गुरुजींनी आणि बाईंनी ते काम केलं. कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही हे त्यांना ठाऊक असायचं, कारण ते गावातच राहायचे. पण आपल्या तुकडीतून सहावी-सातवीला गळालेली मुलंही आज आठवून पाहा. ती का गेली हे आपल्याला कधी कळलं नाही, आणि साठ पोरांच्या वर्गात एकट्या गुरुजींना सगळं कळणं शक्यही नव्हतं. आजचे शिक्षक बरेचदा तालुक्याहून ये-जा करतात. शिकवून झालं की पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, मतदार याद्या. वाडीवस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात. त्यांच्याच डोक्यावर समुपदेशनाची आणखी एक वही ठेवली, तर ती वही भरली जाईल, मूल तसंच राहील.

याला एक पुरावाही आहे. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ माध्यमिक शाळांत एक मोठा अभ्यास केला. तो २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका गटातल्या शाळांत मुलांच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम तिथल्याच शिक्षकाकडे दिला. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम वेगळ्या नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे दिला. तिसऱ्या गटात फक्त नेहमीचे तास चालू ठेवले. समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांमधली उदासी, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. हे समुपदेशक कुणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, साधी शिकलेली माणसं होती. पण त्यांच्याकडे या कामासाठी वेळ होता आणि मुलांना मार्क देणं त्यांच्या हातात नव्हतं. माझ्या मते दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. २०२० साली केंद्राने प्रत्येक सरकारी शाळेत दोन शिक्षकांना, एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्याचे दूत म्हणून तयार करायचं ठरवलं. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतूनही. पण वर्गातल्या गप्प मुलापासून या सेवांपर्यंत जाणारी वाट कुणी बांधलेली नाही. मुलाला तिथवर कोण नेणार, घरच्यांना कोण समजावणार, परत आल्यावर कोण विचारणार?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून ठेवायची. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. आपली प्रशाला पहिल्या नियमात बसते. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या शाळा दुसऱ्या नियमात बसतात, आणि खरी काळजी त्यांची आहे. ‘जोडणी’ कागदावर एका सहीने होते.

म्हणून माझा प्रस्ताव एका शाळेपुरता नाही, आपल्या केंद्रापुरता आहे. समाजकार्य किंवा मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेली एक व्यक्ती नेमायची. आठवड्यातले तीन दिवस ती प्रशालेत बसेल, उरलेले दिवस केंद्रातल्या लहान शाळांवर फिरेल. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास तिला द्यायचा. शिक्षकाने फक्त ओळखायचं आणि तिच्यापर्यंत पोचवायचं. उपचार लागणाऱ्या मुलाला ती स्वतः सोबत घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याला येईल. तिच्या कामाकडे महिन्यातून एकदा लक्ष द्यायला मी बांधील आहे. मानधन माजी विद्यार्थी निधीतून, किमान तीन वर्षांसाठी. एका वर्षात हे काम रुजत नाही.

हे सरकारचं काम आहे ना, असं विचाराल. आहेच. म्हणून व्यवस्थापन समितीने आजच ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पदाची मागणी करावी आणि उत्तर येईपर्यंत दर तीन महिन्यांनी आठवण द्यावी. पण मंजुरी येईपर्यंत आज सातवीत असलेलं मूल दहावी होऊन गेलेलं असेल.

काही पथ्यं मात्र पाळावी लागतील. एक स्वतंत्र खोली हवी, मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारची खुर्ची चालणार नाही. मुलाने सांगितलेलं शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येता कामा नये. जिवाला धोका असेल तर मात्र घरच्यांना सांगावंच लागतं, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. हे मुलांनाही पहिल्याच भेटीत सांगायचं. आणि देणगीदारांनी वाईट वाटून घेऊ नये, पण या उपक्रमाचा फोटो निघणार नाही. मदत घेणाऱ्या मुलांची यादीही पुढच्या मेळाव्यात वाचून दाखवली जाणार नाही. किती मुलं आली आणि किती जण पुन्हा नियमित शाळेत बसू लागली, एवढे दोन आकडे तुम्हाला दर वर्षी मिळतील.

गुरुजनांना एक विनंती. घरोघरी जाऊन माणसं जोडण्याची तुमची हातोटी नव्या शिक्षकांना पुस्तकातून मिळणार नाही. नवीन समुपदेशक येईल तेव्हा पहिले दोन महिने तिला सोबत घेऊन वाड्या-वस्त्या फिरवा. तुम्ही बरोबर असलात की दार उघडेल, आणि ‘वेड्यांची बाई आली’ असं कुणी म्हणणार नाही.

कमान बांधायला माझा विरोध नाही, माझी वर्गणी तिच्यासाठीही दिलेली आहे. फक्त जेवणानंतरच्या चर्चेत ही ओळ यादीच्या शेवटी न लिहिता पहिली घ्यावी. आणि पैसे जमोत न जमोत, एक काम आजच बिनखर्चाचं होण्यासारखं आहे: १४४१६ आणि बालकांसाठीचा १०९८ हे दोन क्रमांक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर प्रत्येक वर्गात रंगवून घ्या. रंगारी तसाही येणारच आहे.