कोबीवरची अळी आणि छोटेसे टोपण



कोबीच्या पानांना कधी कधी बारीक बारीक भोके पडलेली असतात. ती कोण पाडते, ठाऊक आहे? चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी! ती आपल्या मॉरिशसमध्ये आहे आणि इतर अनेक देशांतही आहे. पानाला धक्का लागला की ती वळवळते आणि धाग्याला लोंबकळते. पाहायला गंमत वाटते. पण शेतकऱ्याचे मात्र फार नुकसान होते.

अशा अळ्यांचा एक शत्रू मातीत राहतो. तो इतका लहान आहे, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. तो एक जिवाणू आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता या शास्त्रज्ञांना तो आजारी रेशीमकिड्यांत सापडला. रेशीम पिकवणाऱ्यांना त्याचा केवढा राग आला असेल! पुढे जर्मनीतील थुरिंजिया भागातल्या एका पिठाच्या गिरणीतील अळ्यांमध्ये बर्लिनर यांना तसाच जिवाणू मिळाला. १९१५ साली त्यांनी त्याचे नाव ठेवले, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. एवढे मोठे नाव कोण घेणार? सगळे त्याला 'बीटी' म्हणतात.

हा जिवाणू एका प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. पानाबरोबर ते अळीच्या पोटात जातात आणि विरघळतात. पण प्रथिन लगेच काम करीत नाही. टोपण घातलेल्या पेनाने तुम्हांला लिहिता येते का? या प्रथिनालाही जणू एक टोपण असते. अळीच्या आतड्यावर एक खास जागा असते. प्रथिन तेथे चिकटले, की ते टोपण निघते. मग प्रथिनाचे कण एकत्र येऊन आतड्याला छिद्रे पाडतात. अळी खाणे सोडते आणि थोड्या दिवसांत मरते. माणसाच्या आतड्यात ती जागाच नाही, म्हणून आपल्याला भीती नाही.

शेतकरी बीटीची फवारणी करू लागले. पण हवाई बेटांवर ती वारंवार झाली आणि चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या काही अळ्या मरेनाशा झाल्या. ही गोष्ट १९९० साली प्रसिद्ध झाली. भारतात पिकामध्येच हे प्रथिन तयार होईल असा कापूस २००२ सालापासून लावतात. तेथेही पुढे कपाशीची गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईना. महाराष्ट्रातल्या कापूस पिकवणाऱ्यांना तिने फार रडवले आहे.

असे का झाले? प्रयोगशाळेतल्या काही बोंडअळ्यांच्या आतड्यातली ती खास जागाच बदललेली होती. टोपण काढणार कोण?

मेक्सिकोतील अलेहांद्रा ब्राव्हो आणि मारियो सोबेरॉन यांनी यावर एक साधीच युक्ती काढली. टोपण अळीने काढायची वाट कशाला पाहायची? आपणच ते आधी काढून टाकू! त्यांनी प्रथिनाच्या टोकाचा तेवढा तुकडा कमी केला. २००७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की जुन्या प्रथिनाला न जुमानणाऱ्या बोंडअळ्या या नव्या प्रथिनाने मेल्या.

मला ही युक्ती फार आवडते. पण तिने सगळ्याच अळ्या हरल्या, असे मात्र नाही. २०११ साली निरनिराळ्या किडींवर हे प्रथिन वापरून पाहिले, तेव्हा काहींवर चांगला गुण आला आणि काहींवर फारसा आला नाही. एकेका अळीची सुटण्याची वाट वेगळी असते ना!