कोटा विकला, विहिरीचं काय?



रब्बीची आवर्तनं ठरवायला पाणीवापर संस्थांच्या सभा भरल्या की एक प्रश्न हमखास निघतो. "यंदा माझा गहू नाही. माझा कोटा बागवाल्याला दिला तर चालेल का?" २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात अशी तरतूद आहे. प्राधिकरणाच्या नियमांत राहून पाण्याचा हक्क हंगामापुरता किंवा वर्षापुरता दुसऱ्याला देता येतो, विकताही येतो. पण या व्यवहाराचा परिणाम कोणाकोणावर होईल, हे आधी कागदावर मांडून पाहायला हवं. आज त्याचबद्दल बोलतो.

दिंडोरी तालुक्यात हा हिशेब करणं शक्य आहे, कारण तिथल्या वाघाड प्रकल्पावर पाणी मोजून घेण्याची सवय आहे. धरणाची साठवण २,३०२ दशलक्ष घनफूट, पण कालव्याच्या शेपटाला ओझरपर्यंत पाणी पोचत नव्हतं. तिथल्या शेतकऱ्यांना बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून एकत्र केलं. आधी तीन संस्था झाल्या, पुढे चोवीस, आणि २००३ च्या सुमारास अख्ख्या प्रकल्पाचं सिंचन शेतकऱ्यांनी हाती घेतलं. घनमापनाने पाणी घ्यायचं आणि पीक आपल्या मर्जीने निवडायचं, ही तिथली शिस्त. जिथे माप नाही तिथे पाण्याच्या देवघेवीचा विचारसुद्धा करू नका.

आता कागद घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या चारीचे तुम्ही भरा. गव्हाच्या वाफ्यात १०० घनमीटर पाणी सोडलं. समजा ६० पिकाने घेतलं आणि ४० जमिनीत मुरलं. तेच १०० घनमीटर द्राक्षबागेत ठिबकने दिलं, तर पीक ९० घेईल, मुरेल फक्त १०. विकणाऱ्याला पैसे मिळाले, घेणाऱ्याची बाग हिरवी राहिली. पण गव्हाच्या शेताखालच्या विहिरींना मिळणारं ४० घनमीटर पाणी तिकडे तुटलं, आणि बागेकडे त्याच्या बदल्यात दहाच मुरलं. ज्यांच्या विहिरी आटणार ते त्या सौद्यात कुठेच नव्हते.

माझं स्पष्ट मत आहे की गव्हाच्या वाट्यातलं पिकाने घेतलेलं ६० घनमीटरच विकता यावं. उरलेलं ४० त्या परिसराचं आहे, ते ओहोळावरच्या बंधाऱ्यात सोडावं. ओझरच्या संस्थांनी बंधारे बांधून विहिरी भरल्या आहेत आणि विहिरीच्या पाण्याची आकारणीही केली आहे, म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. शिवाय कोटा चारीच्या मुखापासून शेपटाकडे विकला, तर वाटेतली गळती घेणाऱ्याच्या मापातून वजा करा. नाहीतर ती तूट बाकीच्या सभासदांच्या माथी बसते.

दुसरा रकाना मजुरीचा ठेवा. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याची खरेदी-विक्री अनेक वर्षं चालते. २००७-०८ च्या भीषण दुष्काळात भातवाल्यांनी हाती असलेलं थोडं पाणी फळबागांना विकलं. बागा वाचल्या, पण दुष्काळ आणि विक्री मिळून भात जवळजवळ संपला आणि डेनिलिक्विनची मोठी भातगिरणी बंद ठेवावी लागली. तिथले अर्थतज्ज्ञ संगणकावर असेच हिशेब मांडतात आणि त्यात गावाचा रोजगारही धरतात. आपल्याकडे चित्र उलटंही असेल. गहू हार्वेस्टरने निघतो, द्राक्षाच्या छाटणीला आणि काढणीला मात्र पेठ-सुरगाण्याहून माणसं येतात. पाणी बागेकडे गेलं तर त्यांच्या हाताला काम वाढेल. म्हणून मी देवघेवीच्या विरोधात नाही. गव्हाचं एका हंगामाचं नुकसान भरून निघतं, वाळलेला वेल पुन्हा उभा करायला वर्षं जातात.

सभेत इतकं ठरवा: व्यवहार एकाच हंगामाचा, पहिला हक्क त्याच चारीवरच्या सभासदाचा आणि दर संस्थेच्या फळ्यावर उघड लिहिलेला. वरच्या, मधल्या आणि शेपटाच्या भागातल्या काही विहिरी निवडा. आवर्तनाच्या आधी आणि नंतर त्यांत दोरी सोडून पातळी मोजा, वहीत लिहा. ज्या भागातून कोटा विकला गेला तिथली पातळी इतर विहिरींपेक्षा जास्त खाली गेली, तर पुढच्या हंगामात तिथून विक्रीला परवानगी देऊ नका.