नाताळच्या आधीचे चार रविवार

मी खर्डीवरून बोलतोय. कसारा लोकलवरचं, आसनगावच्या पुढचं आपलं स्टेशन. आजचा विषय आहे आगमनकाळ, म्हणजे ॲडव्हेंट.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा हा काळ. 2025 साली तो 30 नोव्हेंबरला सुरू होतो. मोबाइलवर तेव्हा केक आणि चांदण्यांच्या रील्स फिरायला लागतात. देवळात मात्र उलटं असतं. धर्मगुरूंचा झगा जांभळा, वेदीवरची सजावट साधी, रविवारच्या मिस्सामध्ये गौरवगीत नाही. फक्त दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची.

ही मेणबत्त्यांची पद्धत 1839 मधली, जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. सांगतात की मुलं रोज विचारायची, "नाताळ कधी?" म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून.

आता आपल्याकडे बघा. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. त्यात कातकरी जास्त. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला जायचं. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं एका टेम्पोत. परत येणार पावसाच्या तोंडावर. आपण चर्चमध्ये पहिली मेणबत्ती पेटवतो तेव्हा पाड्यावरच्या कितीतरी दारांना कुलूप असतं.

आणि नाताळची गोष्ट काय आहे? सरकारचा हुकूम आला, नावनोंदणी करा. योसेफ गरोदर मरियेला घेऊन नाझरेथहून बेथलेहेमला गेला. तिथे उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं ते गव्हाणीत ठेवलं. म्हणजे आपला देव प्रवासात, परक्या गावात जन्मला. भट्टीवर कच्च्या विटा रचून केलेल्या खोपटात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

मग तयारी काय करायची? माझ्या डोक्यात चार रविवारांची चार कामं आहेत.

पहिला रविवार सांगतो, जागे राहा. तर आपल्या आजूबाजूची कोणती घरं बंद झालीत, कोणती पोरं शाळेतून गायब झालीत, ते बघा.

दुसऱ्या रविवारी योहान बाप्तिस्ता येतो, पश्चात्ताप करा म्हणतो. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, हे त्याचंच सांगणं. पापनिवेदनाला जायच्या आधी एवढं तपासा : आपल्या घरी काम केलेल्या कुणाची मजुरी राहिलीय का? राहिली असेल तर आधी ती द्या.

तिसरा आनंदाचा. भट्टी जवळ असेल तर गोधड्या, स्वेटर घेऊन जा. पण देताना फोटो काढू नका, आणि बदल्यात प्रार्थनेला या असंही म्हणू नका. दिलं, विषय संपला.

चौथा योसेफ-मरियेचा. एखाद्या पोराला जागा मिळवून द्या, शाळेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. दाखला नाही म्हणूनही अडवता येत नाही. भट्टीवरच्या आईबापांना हे बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. सोबत जाऊन मुख्याध्यापकांना भेटायला अर्धा दिवस लागतो.

यातलं एक जरी झालं ना, तरी 24 तारखेच्या रात्री बाळ येशूला गव्हाणीत ठेवताना मन वेगळं असेल.

चला, थांबतो. आगमनकाळाच्या शुभेच्छा. आणि हो, जवळच्या भट्टीपासून कोणती शाळा लागून आहे, ते आजच शोधून ठेवा.