पहिल्या वर्षाचा राजीनामा



या व्याख्यानमालेत आमच्या आधीच्या वक्त्यांनी मोठमोठे विषय हाताळले. आमचा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. माध्यमिक शाळेत हौसेने लागलेला शिक्षक सहा महिन्यांत का कोमेजतो, एवढाच. पण ज्यांच्या घरी नववी-दहावीचे मूल आहे, त्यांना तो परका वाटू नये.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. जूनमध्येच ती गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झालेली. चहा झाल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढला आणि म्हणाली, "सर, राजीनामा लिहिलाय. मसुदा तेवढा पाहून द्या." मसुदा निर्दोष होता, शुद्धलेखनाचीसुद्धा चूक सापडेना!

मग तिने हकिकत सांगितली. नववीच्या वर्गात त्रेसष्ट मुले. त्यांतल्या वीसेकांना साधा भागाकार येत नाही आणि पुस्तक म्हणते, बहुपदी शिकवा. तास संपतो न संपतो तोच मोबाईलवर कसली तरी माहिती भरायची. मध्येच मतदारयादीचे काम. शिक्षकखोलीत गेले तर जुनी मंडळी म्हणतात, "आम्हीही पहिल्या वर्षी असेच उड्या मारत होतो." आणि हातात पडते ते वेतन नव्हे, मानधन. शिक्षणसेवकाची ही तीन वर्षांची योजना राज्यात २००० साली आली. माध्यमिक शाळेसाठी मानधन दरमहा ८,००० रुपये होते, ते जानेवारी २०२३ पासून १८,००० झाले.

श्रोतेहो, यातले सगळेच मोहभंगाच्या खात्यावर टाकणे आम्हांला मान्य नाही. मानधनात घर चालत नाही हा हिशेब आहे. त्यात मनाची दुर्बलता कुठे आली? २००१ साली सरकारने 'कायम विनाअनुदानित' शाळांचे धोरण आणले. २००९ साली त्यातला 'कायम' हा शब्द गेला, पण पगार काही त्या शब्दामागोमाग लगेच आला नाही. जे शिक्षक वर्षानुवर्षे तिथे फुकट राबले, त्यांना ध्येयवादाचे धडे द्यायला जाणे हा शुद्ध निर्लज्जपणा होय. त्यांचे दुखणे संघटनेने आणि सरकारनेच दूर करावयाचे आहे.

परंतु हे सारे बाजूला काढल्यावरही काही उरते, आणि ते आमच्या अनुभवातले आहे. आम्ही १९८३ साली एका तालुक्याच्या गावी लागलो. बी. एड.चे सरावपाठ आमचे उत्तम झालेले. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, सारे यथासांग. वर्ग कसा चिडीचूप! पुढे नोकरीत कळले की ती शांतता मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या प्राध्यापकांची होती, आमची नव्हे. पहिल्या घटक चाचणीत अठ्ठावन्नांपैकी एकेचाळीस मुले नापास झाली. आम्ही प्रथम मुलांना दोष दिला, मग त्यांच्या आईबापांना, मग प्राथमिक शाळेला. शेवटी राजीनामा लिहिला. हेडमास्तरांनी तो वाचून खणात टाकला आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत इथे राहू द्या. तोवर जुन्या मास्तरांच्या तासाला मागे बसत जा."

त्या मास्तरांना आम्ही मनातून जुनाट समजत होतो. खडूने हात भरलेले, आवाज बसका. पण ते प्रश्न विचारीत आणि गप्प उभे राहत. वर्गात चुळबूळ होई, कुणी खाकरे. मास्तर फळ्याकडे पाहत उभेच. मग कोपऱ्यातला एखादा हात हळूच वर येई. आम्ही काय करीत होतो? प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन मोकळे व्हायचे! अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी १९७०च्या दशकात हेच मोजून पाहिले. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुले अधिक बोलतात, अधिक नीट बोलतात. आमच्या मास्तरांनी ते कुठे वाचले नव्हते.

हे दुखणे आमच्या तालुक्यापुरते नव्हते, हेही पुढे समजले. सायमन वेनमन या डच अभ्यासकाने १९८४ साली निरनिराळ्या देशांतील ८३ अभ्यास तपासले. नव्या शिक्षकांच्या अडचणींत सर्वांत वर निघाली ती वर्गातली शिस्त. म्हणजे जी गोष्ट आम्ही लाजेने घरीसुद्धा बोललो नाही, ती जगभरच्या नव्या मास्तरांना छळीत होती. आम्हांला त्या वेळी हे कुणी सांगितले असते तर चार रात्री झोप लागली असती.

आणखी एक बोच सांगतो. आमच्याकडे प्रत्येक नव्या शिक्षकाला साने गुरुजींच्या मापाने मोजतात. गुरुजी अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे होते. त्यांची थोरवी कोण नाकारील? पण त्यांचे नाव घेऊन बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला पहिल्या सहामाहीतच अपराधी ठरविणे, हा गुरुजींवरही अन्यायच आहे.

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही राजीनामा देऊ नकोस असे म्हटले नाही. तो अधिकार आमचा नव्हे. तिच्या घरचा खर्च आम्ही चालवीत नाही. एवढेच विचारले की, शाळेत कुणाच्या तासाला मुले खरोखर रमतात? ती थोडा वेळ आठवत राहिली. म्हणाली, "मराठीच्या एक बाई आहेत. पण त्यांचा विषय वेगळा." आम्ही म्हटले, विषय वेगळा असू दे, तू मागे जाऊन बस.

जानेवारीत तिचे पत्र आले. बाईंच्या चार तासांना ती बसली होती. आता रोजच्या तासातली पहिली दहा मिनिटे ती भागाकाराला देते. त्यामुळे पुस्तक मागे पडले आहे, म्हणून मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. वीसांपैकी सात मुलांना भागाकार येऊ लागला. दोघांनी शाळाच सोडली, त्याचे तिला फार लागले आहे. राजीनाम्याचा कागद मात्र आमच्याकडेच राहिला; पत्रात त्याविषयी अक्षर नाही. शाळा सुरू होण्याआधी ती पुन्हा येणार आहे. येताना त्या उरलेल्या मुलांच्या वह्या घेऊन ये, असे आम्ही तिला कळविले आहे.