बनावट खात्यांचा कामगंध सापळा

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मागील मृग बहाराच्या वेळची गोष्ट आहे. एका डाळिंब बागायतदारांचा मला फोन आला. "साहेब, तुम्ही पाठवतो म्हणालात ते तेल्यावरचे औषध अजून पोचले नाही. पैसे भरून नऊ दिवस झाले." मी त्यांना ओळखत नव्हतो, आणि औषधे विकणे हे माझे कामही नव्हे. चौकशी करता असे कळले की, समाजमाध्यमावर माझ्या नावाचे खाते कोणीतरी उघडले होते. त्यावर मेळाव्यातील माझे छायाचित्र होते, विद्यापीठाचे बोधचिन्हही होते. या दुसऱ्या 'मी'ने डाळिंब उत्पादकांच्या गटात सल्ले दिले होते, आणि खरे सांगावयाचे तर त्यातील पहिले पाच-सहा सल्ले अगदी बरोबर होते. आमच्याच पुस्तिकेतून उतरविलेले! त्यानंतर औषधाची जाहिरात आली. एका फवारणीत तेल्या नाहीसा करणारे औषध नाही, हे त्या बागायतदारांनाही ठाऊक होते. "पण तुम्ही म्हणालात म्हणून..." एवढेच ते म्हणाले. त्यांचे ४,८०० रुपये गेले.

म्हणून आज पिकाविषयी न बोलता या बनावट खात्यांविषयी बोलावे असे मी ठरविले. लुबाडणाऱ्याला खोटा चेहरा कशासाठी लागतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

नको असलेले संदेश ढिगाने पाठविण्याचा उद्योग जुना आहे. १९७८ साली अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठविली. अशा संदेशांना पुढे 'स्पॅम' हे नाव पडले. ई-मेलमध्ये पत्ता मिळाला की काम भागते. पाठविणारा कोण, हे विचारण्यास दारात कोणी उभे नसते. पुढे असे संदेश गाळून बाजूला काढणाऱ्या चाळण्या निघाल्या आणि हा धंदा अवघड झाला. समाजमाध्यमांची रचना मात्र निराळी आहे. तेथे आधी खाते, मग ओळख, मग गटात प्रवेश. गावच्या पारावर परका माणूस येऊन बसला तर आपण 'कोणाचे पाहुणे?' असे विचारतो. या प्रश्नाला उत्तर म्हणूनच खोटा चेहरा तयार केला जातो.

कपाशीत आपण कामगंध सापळे लावतो. सापळ्यात मादी पतंग नसते, तिच्या गंधाची ल्यूर असते. नर पतंग गंधावर भरवसा ठेवून येतो आणि अडकतो. शिवाय गुलाबी बोंडअळीची ल्यूर लावून हिरव्या बोंडअळीचा पतंग येत नाही. प्रत्येक किडीची ल्यूर वेगळी असते. बनावट खातेही तसेच असते. डाळिंबवाल्यासाठी शास्त्रज्ञ, सौर पंपासाठी अर्ज केलेल्यासाठी योजनेचा अधिकारी, आणि जुना ट्रॅक्टर शोधणाऱ्यासाठी बदली झालेला लष्करी जवान. या जवानाच्या सोंगात किती विचार केलेला असतो पाहा. बदलीची घाई आहे म्हणून किंमत कमी. गणवेश आहे म्हणून शंका नाही. छावणीत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत म्हणून ट्रॅक्टर प्रत्यक्ष पाहण्याचा प्रश्नच नाही. मग टोकनचे पैसे, त्यानंतर वाहतुकीचे, त्यानंतर कागदपत्रांचे. ट्रॅक्टर येत नाही. ज्या सैनिकाचा फोटो लावलेला असतो, त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

दुसरे असे की, खाते उघडण्यास पैसा पडत नाही. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकने २०० कोटींहून अधिक बनावट खाती काढून टाकली; त्यातील बहुतेक उघडल्यानंतर थोड्याच वेळात. पण हे गाजरगवतासारखे आहे. एका झाडाला हजारो बिया येतात, त्यातील बहुतेक वाया गेल्या तरी बांध भरून जातो. हजारांमध्ये एक गिऱ्हाईक सापडले तरी लुबाडणाऱ्याचे भागते. हीच जादा खाती आणखी एका कामी येतात. जाहिरातीखाली 'मला फरक पडला', 'दोन एकरांसाठी मागविले' अशा प्रतिक्रिया दिसतात, त्या पुष्कळदा त्याच माणसाच्या इतर खात्यांवरून आलेल्या असतात. जनावरांच्या बाजारात दलाल आपलीच दोन माणसे गिऱ्हाईक म्हणून उभी करतो, ते आपण पाहिलेच आहे.

आणि अर्थात खोट्या नावामागे लपता येते. सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर, पैसे जमा होतात ते बँक खातेही भाड्याने घेतलेले. पोलीस प्रथम पोचतात ते या खातेदाराकडे. म्हणून थोड्या पैशांच्या मोहाने आपले पासबुक किंवा एटीएम कार्ड कोणाला वापरण्यास देऊ नये. तरुण मुलांना हे घरी जरूर सांगावे.

सर्वांत घातक असते ते चोरलेले खरे खाते. पीएम किसान योजनेच्या नावाने 'एपीके' प्रकारची फाईल व्हॉट्सअॅप गटांमध्ये फिरताना आढळली आहे. ती उघडून बसविली की फोनचा ताबा जातो आणि तीच फाईल तुमच्या नावाने तुमच्या सर्व गटांत पुढे जाते. येथे चेहरा खोटा नसतो. तो तुमच्या चुलतभावाचाच असतो! त्यामुळे ओळखीच्या माणसाकडून आली तरी अशी फाईल उघडू नये.

ओळखावे कसे? खाते उघडून पाहावे. सगळे फोटो एकाच आठवड्यात टाकलेले, मित्र थोडे आणि भलत्याच प्रांतातील, मराठी तुटक, असे असेल तर थांबावे. पण हुशार माणूस या खुणा मिटवू शकतो. खरी तपासणी एकच आहे, ती म्हणजे समोरच्याने दिलेल्या नंबरावर नव्हे, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करणे. शास्त्रज्ञ म्हणत असेल तर विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या कार्यालयात विचारावे, अथवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, येणार नाहीत.

पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ते गोठविता येतात. आमच्या बागायतदारांनी नऊ दिवस वाट पाहिली. "साहेबांवर अविश्वास कसा दाखवायचा?" या संकोचापायी. तक्रार आम्ही दोघांनी मिळून केली. खाते बंद झाले, पैसे मात्र आले नाहीत. पंधरा दिवसांनी माझ्याच नावाचे दुसरे खाते निघाले. या वेळी फोटोत मी थोडा तरुण आहे.

विद्यापीठ कोणत्याही शास्त्रज्ञाच्या वैयक्तिक खात्यावर औषधाचे किंवा बियाण्याचे पैसे घेत नाही. ज्यांना आपल्या फोनवरील गट आणि खाती तपासून पाहावयाची असतील, त्यांनी जेवणानंतर माती परीक्षणाच्या दालनाशेजारील टेबलाजवळ यावे. मी तेथे चार वाजेपर्यंत आहे.